मी गांडूळ असते तर...

(सामुदायिक रेडिओवर वाचलेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आवरून कुणी धान्य निवडायला बसली असेल, कुणी रानात बांधावर रेडिओ लावून भाकरी सोडली असेल. आज आमच्या बचत गटातल्या आम्ही सात जणी तुमच्याशी बोलणार आहोत. आवाज एकीचा येईल, पण लिहिलंय सगळ्यांनी मिळून. म्हणून शेवटपर्यंत 'आम्ही'च म्हणू.

आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. प्राण्यांची पैदास कशी होते, त्यांची त्या जागेची रचना कशी असते, यावरचे हसवणारे व्हिडिओ. ते आम्ही पाहिले आणि नंतर स्वतः बनवलेसुद्धा. शेजारी सासूबाई बसल्या असतील तर रेडिओ बंद करू नका, त्यांनाही ऐकू द्या. आमचा अनुभव असा, की सगळ्यात मोठ्यानं त्याच हसतात.

सुरुवात अशी झाली. गटाची बैठक संपली होती, वही लिहून झाली होती. एकीच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक गोरी, साठीकडे झुकलेली बाई गांडुळाचा पोशाख घालून वळवळत होती. आम्हाला इंग्रजी कळेना, पण ती काय दाखवतेय ते लगेच कळलं. आधी आम्ही 'शी' म्हटलं. मग हसू आवरेना. मग एक जण म्हणाली, "पुन्हा लाव, आणि काय म्हणते ते सांग."

त्या बाईंचं नाव इसाबेला रोसेलिनी. जन्म इटलीत, 1952 सालचा. आई इंग्रिड बर्गमन ही सिनेमातली फार मोठी नटी, वडील रोबेर्तो रोसेलिनी नावाजलेले दिग्दर्शक. इसाबेलाबाई स्वतःही नटी. त्यांनी 2008 साली अमेरिकेत छोट्या छोट्या फिल्मची मालिका काढली. तिचं नाव मुद्दाम खट्याळ ठेवलं, 'ग्रीन पॉर्नो'. नाव ऐकून दचकू नका, त्यात उघडंवाघडं काही नाही. आहेत ते कागदाचे पोशाख आणि कागदाचेच देखावे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दिसावं म्हणून सगळं मोठं, भडक रंगाचं आणि दोन-तीन मिनिटांत संपणारं. त्या कधी माशी होतात, कधी गोगलगाय, कधी मधमाशीचा नर. सांगण्याची रीत ठरलेली : मी अमुक प्राणी असते तर माझं शरीर असं असतं आणि मी असं असं केलं असतं. प्राणी कितीही विचित्र असला तरी माहिती खरी असते, आणि बाई हसत नाहीत, अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतात. हसतो आपण.

आम्हाला तर एकदम शाळा आठवली. 'मी पक्षी असते तर' हा निबंध आपण प्रत्येकीनं लिहिलाय. 'मी गांडूळ असते तर' असा कुणी दिला नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. या बाईंनी साठी ओलांडल्यावर न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून प्राण्यांच्या वर्तनाच्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. शेतावर त्या कोंबड्या पाळतात, मेंढ्या पाळतात, मधमाश्या ठेवतात. आपल्यातल्या पन्नाशीच्या बाया 'आता काय शिकायचं' म्हणतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही गाई-म्हशींच्या बाया, आम्हाला हे कुणी शिकवायला हवं का? बरोबर आहे. गाय माजावर कधी आली, कधी फळवायची, गाभण राहिली का, व्यायल्यावर वार पडली का, हे आपण भर अंगणात चार गडी उभे असताना विचारतो. म्हशीचा माज मुका असतो, ती हंबरून सांगत नाही, हे धार काढणाऱ्या बाईलाच आधी कळतं. दूध थोडं कमी येतं, मागून काचेसारखी चिकट तार लोंबते. पहाटे हे दिसलं तर संध्याकाळी डॉक्टरला बोलवायचं, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हेही आपल्याला पाठ आहे. म्हणजे शब्द आपल्याकडे आहेत. ते जनावरापाशी सुटतात आणि स्वतःपाशी आले की गिळले जातात. हे कसं घडतं, ते पुढे सांगतोच.

आधी आमच्या पहिल्या व्हिडिओची गोष्ट. गटाचा गांडूळ खताचा बेड आहे, म्हणून विषय गांडुळाचा घेतला. पोशाख शिवायला खर्च शून्य. जुनी गोधडी गुंडाळून आतून सुतळीनं बांधली, गळ्याखाली फिकट रंगाच्या लुगड्याचा रुंद पट्टा लावला. मोबाइल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला. आवाज घुमत होता म्हणून खोलीत दोरीवर चादरी टाकल्या. दहा वाक्यं लिहिली आणि ती आधी आमच्या भागातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरबाईंना वाचून दाखवली. त्यांनी तीन वाक्यं दुरुस्त केली.

त्यातून काय शिकलो ते ऐका. प्रत्येक गांडुळात नर आणि मादी दोन्ही असतात. तरी बहुतेक जातींत जोडी लागतेच. दोन गांडुळं एकमेकांना उलटसुलट चिकटतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीकडे, आणि बीज एकमेकांना देतात. मग दोघं आपापल्या वाटेनं जातात. पुढे त्या जाड पट्ट्यातून चिकट रसाचं कडं तयार होतं. गांडूळ मागे मागे सरकतं आणि ते कडं डोक्याकडून उतरवतं, अगदी साबण लावून बांगडी काढावी तसं. उतरता उतरता त्या कड्यात आधी स्वतःची अंडी पडतात, मग साठवून ठेवलेलं दुसऱ्याचं बीज. दोन्ही टोकं मिटतात आणि कोष तयार होतो. आकार लिंबासारखा, पण मोहरीहून थोडासाच मोठा.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक जण कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, ते पिवळट दाणे तर मी चाळून खताबरोबर देऊन टाकते!" तेव्हापासून आम्ही चाळलेल्या खतातले कोष जमतील तेवढे वेचून परत बेडात टाकतो. आणि मधोमध तोडलं की एकाची दोन गांडुळं होतात, हा समजही खोटा. फावडं जपून चालवा.

दुसरा व्हिडिओ शंखी गोगलगाईचा. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे या गोगलगाईंनी कोवळं सोयाबीन कसं फस्त केलं, ते आठवत असेलच. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. व्हिडिओत आमच्यातली एक जण पाठीला सूप बांधून गोगलगाय झाली. दुसरी शेतकरीण होऊन विचारते, "यातली मादी कुठली ते सांग, तेवढीच वेचते." गोगलगाय म्हणते, "बाई, आम्ही सगळ्याच मादी आणि सगळेच नर. कुणाकुणाला वेचशील?" हसू येतं, पण मुद्दा त्यातच आहे. प्रत्येक गोगलगाईच्या अंगात दोन्ही असल्यामुळे मोठी झालेली कुठलीही अंडी घालू शकते, एका वेळी शंभराच्या वर. साबुदाण्यासारखी ती अंडी बांधाकडेला भुसभुशीत मातीत असतात. म्हणून पहिल्या पावसानंतर संध्याकाळी आणि भल्या पहाटे वेचायचं, गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकून त्याखाली जमलेल्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. उघड्या हातानं धरायचं नाही, हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळायची. हे सगळं पत्रकात छापून येतं, पण सूप बांधलेल्या बाईनं सांगितलेलं जास्त लक्षात राहिलं, असं आमच्या गावातल्या बाया म्हणतात.

तिसरा कोंबड्याचा, आणि सगळ्यात जास्त हसलेला. गावभर छाती काढून आरवत फिरणाऱ्या कोंबड्याला आत घालण्याजोगं इंद्रियच नसतं. कोंबडीला आणि कोंबड्याला मागे एकच दार, विष्ठेचं आणि पैदाशीचं तेच. ती दोन दारं क्षणभर एकमेकांना टेकतात आणि काम संपतं. तेवढ्यावर कोंबडी बीज अंगात साठवून पुढे दोनेक आठवडे फलित अंडी घालू शकते. हे सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "तरीच एवढा ओरडतो!" आम्ही तो व्हिडिओ तिथंच थांबवला, कारण पुढचं कुणाला ऐकूच येईना.

बहुतेक पक्ष्यांचं असंच. बदकाचं मात्र वेगळं, आणि तिथं आमचं हसू थोडं थांबलं. बदकाच्या नराला इंद्रिय असतं, लांब आणि मळसूत्रासारखं पिळाचं. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती. पण मादीच्या आत काय आहे, हे नीट पाहायचं कुणाच्या फारसं मनात आलं नव्हतं. पॅट्रिशिया ब्रेनन नावाच्या संशोधक बाईंनी ते पाहिलं, आणि 2007 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. मादीची वाटही पिळाची निघाली, पण उलट्या दिशेच्या पिळाची, आणि तिला कडेला बंद खोबण्या, म्हणजे पुढे रस्ता नसलेल्या गल्ल्या. बदकांमध्ये नर पुष्कळदा जबरदस्ती करतात. मादीला नको असेल तर तिच्या शरीराची ही रचना नराला अडवते. पुढे 2013 च्या सुमारास अमेरिकेत 'बदकाच्या असल्या गोष्टींवर सरकारचा पैसा कशाला' म्हणून या संशोधनाची टर उडवली गेली. बाईंनी न लाजता लेख लिहून उत्तर दिलं. इतकी वर्षं मादीकडे कुणी पाहिलं नाही, हे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. काही बोलायची गरज पडली नाही.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बैठकीत एका मुलीनं हळूच विचारलं, "मग बाईच्या शरीरातही असं काही असतं का?" नाही. माणसाच्या बाईच्या शरीरात असा चकवा नसतो. जबरदस्तीतून दिवस राहू शकतात, आणि त्यात दोष तिचा नसतो. बदकाचं बदकापाशी. प्राण्यांवरून माणसाचे नियम काढायचे नाहीत, हा आमच्या व्हिडिओचा पक्का नियम आहे. उद्या कुणी मधमाशीवरून, कुणी कोंबड्यावरून बायकांनी कसं वागावं ते सांगायला लागेल. तसं कुणी केलं की आम्ही म्हणतो, मधमाशीचा नर मिलन झालं की तिथंच मरतो, मग ते पण घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसलो, ती गोष्ट.

डॉक्टरबाई आमची वाक्यं तपासायला आल्या, त्या दिवशी म्हशीचं मायांग बाहेर येण्याचा विषय निघाला. गाभण म्हशीला हा त्रास होतो, तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, मागची बाजू उंचावर येईल अशी बांधा, बाहेर आलेला भाग स्वच्छ ठेवा, कुत्री-कावळे येऊ देऊ नका, मळक्या हातानं आत ढकलू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. आम्ही सगळ्या माना डोलवत होतो. तेवढ्यात मागे बसलेल्या आमच्या एक काकू म्हणाल्या, "आणि बाईचं आलं तर?"

कुणीच बोललं नाही. मघापासून गांडूळ आणि कोंबडा यावर हसून हसून पोट दुखत होतं, म्हणून असेल, पण काकूंचा धीर सुटला नाही. त्या बोलत राहिल्या. चार वर्षांपासून अंग बाहेर येत होतं. खाली बसलं की जास्त. फडकं बांधून त्या रानात जायच्या, पाण्याच्या घागरी आणायच्या. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, आशाताईला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. याच चार वर्षांत त्यांच्या म्हशीचं मायांग बाहेर आलं होतं, तेव्हा त्या रात्री बॅटरी घेऊन दोन कोस चालत डॉक्टरला बोलवायला गेल्या होत्या. "तिचं सांगायला लाज नाही वाटली," त्या म्हणाल्या, "तिला शब्द होता."

मैत्रिणींनो, शब्द तर तोच आहे. म्हशीचंही अंगच बाहेर येतं आणि आपलंही. जास्त बाळंतपणं, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळणं, डोक्यावर-कमरेवर जड ओझी, जुना खोकला, कायमचं बद्धकोष्ठ, उतारवय, या सगळ्यानं आतले स्नायू सैल पडतात. यात पाप नाही, कुणाची नजर नाही. थोडं असेल तर शिकवलेल्या व्यायामानं फरक पडतो. काहींना आत रिंग बसवतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. पण शस्त्रक्रिया म्हटलं की पिशवी काढायचीच, असं नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या किती मोठ्या संख्येनं काढल्या गेल्या, ते उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून 'पिशवी काढून टाका' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हटलं, तर कशासाठी, दुसरा उपाय आहे का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. विचारायला शब्द लागतात. 'पोटात दुखतं' एवढंच सांगितलं तर पोटाच्याच गोळ्या मिळतात.

काकूंबरोबर आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून रिंग बसवली, व्यायाम शिकवला. सगळं जादूसारखं बरं झालं असं आम्ही सांगणार नाही. जड उचलायचं नाही म्हटल्यावर घरात पाणी कुणी भरायचं यावरून महिनाभर कुरबूर चालली. आता मुलगा मोटारसायकलवरून कॅन आणतो. काकू पुन्हा बैठकीला मांडी घालून बसतात. त्यांनीच सांगितलं, "रेडिओवर सांगा, नाव तेवढं घेऊ नका." त्यानंतर गटातल्या आणखी दोघी बोलल्या. आमच्या वस्तीवर चाळीसेक घरं. किती जणी फडकं बांधून गप्प असतील, तुम्हीच मनात मोजा.

घरच्यांचा विरोध झाला नाही असं नाही. एका दिरांनी 'हे काय चाळे' म्हणून मोबाइल काढून घेतला होता. शंखी गोगलगाईचा व्हिडिओ त्यांनी स्वतः पाहिला, मग परत दिला. एक सासूबाई म्हणाल्या, लेकरांसमोर नको. त्यांचं आम्ही ऐकलं. लहानांसाठी गांडूळ आणि गोगलगाय, मोठ्या मुली आणि बायांसाठी बाकीचं, असं वेगळं केलं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर आमचे ठरलेले नियम सांगतो. एक, खऱ्या जनावरांचं मिलन दाखवायचं नाही, पोशाख आणि कागदच वापरायचा. मग लोक आपल्या गोधडीवर हसतात, आपल्यावर नाही. दोन, गावातल्या कुठल्याही माणसावर किंवा बाईवर त्यातून टोमणा मारायचा नाही. तीन, प्रत्येक वाक्य जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, हसवण्यासाठी खोटं घालायचं नाही. चार, मुलींचे चेहरे दाखवायचे नाहीत, आणि ज्या बाईचा चेहरा दिसेल तिला आधी विचारायचं. पाच, व्हिडिओ दोन मिनिटांच्या वर नको. आणि इसाबेलाबाईंच्या फिल्म शोधायच्या असतील तर त्यांच्या नावानं शोधा, मालिकेच्या नावानं नको, नाहीतर भलतंच काही समोर येईल.

व्हिडिओ नाही जमला तरी हरकत नाही. पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं 'मी अमुक असते तर' असं एक प्राणी होऊन सांगायचं. शेळी होऊन सांगा, पाच महिन्यांचं गाभणपण काय असतं ते. कोंबडी होऊन सांगा. भरपूर हसा. आणि हसणं ओसरल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ बसून राहा. कुणीतरी मागून काहीतरी विचारेल. तिला पूर्ण बोलू द्या, आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर तिच्याबरोबर जा.

आता आमच्यातल्या एकीची म्हैस हंबरायला लागली आहे. मुका माज नाही हा, धारेची वेळ झाली. नमस्कार.